पंपाखालचं भोक

आमच्या जीपचं पाणी जातं कुठं, हे कोडं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी आठवडाभर चाललं होतं.

अण्णा पाटण तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर जीप चालवतात. जीप जुनी, पण चारही चाकांना जोर असलेली. जिथं एस.टी. जात नाही आणि पावसात रस्त्याचाच ओढा होतो, तिथं ती जाते. बाजाराची पोती, शाळेचे गुरुजी, बाळंतपणाला निघालेली बाई, सगळे तिच्यातूनच खाली येतात. माझी फीसुद्धा तिच्यातूनच येते. ती एक दिवस दारात उभी राहिली, की घरात कुणी काही बोलत नाही; पण चहा बिनदुधाचा होतो.

रोज सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा आणि संध्याकाळी त्यात तांब्याभर पाणी कमी असावं, असं चाललं होतं. चढावर काटा लाल रेघेकडे सरके. मग अण्णा झऱ्यापाशी थांबत, इंजिन निवू देत आणि नंतरच झाकण उघडत. एकदा घाई केली होती, तिची खूण त्यांच्या मनगटावर आहे. बंद रेडिएटरातलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे १०० अंशांवरही ते उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि तेच पाणी उसळून अंगावर येतं.

गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच "हेड उतरवावं लागेल" म्हणून आकडा सांगितला. त्याच महिन्यात माझा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. अण्णा म्हणाले, "आधी आपुन बघू. तुझा हात बारीक हाय, आत जाईल."

खरं सांगते, मला ते नको होतं. पहिल्या वर्षी प्रवेशाच्या फॉर्मवर 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'वाहतूक व्यवसाय' असं लिहिलं होतं. मैत्रिणींना वाटे, आमचे ट्रक असतील. मीही कधी नाही म्हटलं नाही. एकदा अण्णा भाडं घेऊन कराडला आले आणि मला न्यायला कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिले. अंगात ग्रीसचे डाग पडलेला खाकी शर्ट होता. मी मागच्या दाराने निघून एस.टी.ने घरी गेले. त्यांना मात्र जादा तास होता म्हणून सांगितलं.

तर आम्ही शोधायला बसलो. रात्रभर जीपखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवली. सकाळी ती कोरडी. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. ऑइलची काडी ओढून पाहिली. ऑइल दुधाळ झालेलं नाही. रेडिएटरात बुडबुडे नाहीत. म्हणजे पाणी इंजिनच्या पोटात जात नव्हतं, हेड शाबूत होतं. वरची नळी, खालची नळी, त्यांच्या क्लिपा, सगळं कोरडं. एकेक शक्यता खोडत उरेल ते धरायचं, हे मी तर्कशास्त्राच्या तासाला मिलच्या पद्धती म्हणून पाठ केलं होतं. अण्णा सातवी शिकलेले. त्यांनी ते पाठ केलं नव्हतं, ते करत होते.

शेवटी त्यांनी इंजिनचा पुढचा भाग फडक्याने लख्ख पुसला आणि माझ्याकडून खडू कुटून घेऊन ती पूड त्यावर भुरभुरवली. वीस मिनिटं इंजिन चालवलं आणि बंद केलं. पंखा पूर्ण थांबल्यावर मी आईचा हातआरसा पंपाखाली धरला आणि बॅटरीचा उजेड पाडला. खडूच्या पांढऱ्यावर एक पोपटी ओघळ उमटला होता. तो पंपाच्या पोटाशी असलेल्या एका बारीक भोकातून आला होता. जीप चालू असताना तेवढंच पाणी झिरपे, पंख्याचा वारा ते मागं उडवी आणि तापल्या इंजिनवर ते वाळून जाई. जमिनीवर थेंब पडणार कसा?

"अण्णा, एम-सील लावून बुजवू या की! पाच मिनिटांत होईल," मी म्हटलं.

"बुजवायचं नसतंय ते," अण्णा म्हणाले. "कंपनीनंच ठेवलंय. आतलं सील गेलं की पानी हितनं भायेर येतं, म्हंजी आपल्याला कळतं. बुजवलंस तर पानी बेरिंगात जाईल. बेरिंग गेलं की पंखा डुलंल आन् रेडिएटरच फाडंल. भोक वाईट न्हाई. ते सांगतंय म्हनून बरंय."

ते पुन्हा पान्याकडे वळले. मी आरसा धरून तशीच बसून राहिले.

नवा पंप आणला. गेला तो खर्च गॅरेजवाल्याच्या आकड्यापुढे थोडाच होता. खालची तोटी सोडून कूलंट घमेल्यात घेतलं आणि लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावलं. ते चवीला गोड असतं आणि विषारीही, कुत्र्याने चाटलं तर जिवावर बेततं. पट्टा, पंखा, मग पंप उतरवला. जुनं पॅकिंग मी ब्लेडने खरवडून काढलं. नवं पॅकिंग बसवून बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळले. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरलं आणि झाकण उघडं ठेवून, आतली हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी अण्णा वरच्या वाडीला जाऊन आले. रेडिएटर निवल्यावर मीच झाकण उघडलं. पाणी होतं तिथंच होतं.

त्या रात्री जेवताना मी त्यांना जादा तासाचं खरं सांगितलं. ते बराच वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "मागल्या दारानं जाताना दिसलीस मला." आणखी काही बोलले नाहीत.

यंदा दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरताना तो रकाना पुन्हा आला. 'जीपचालक' असं लिहिलं. पहिल्या वर्षीचा फॉर्म मात्र ऑफिसच्या कपाटात तसाच असेल. त्यावरचं आता खोडता येणार नाही, म्हणून हे इथं लिहिलं.