अंकाअंकाने आलेले विज्ञान

शाळा-कॉलेजाबाहेरच्या मराठी वाचकापर्यंत आधुनिक विज्ञान पोचवले ते मुख्यतः नियतकालिकांनी. पाठ्यपुस्तके होती, पण ती बहुतेक विद्यार्थ्यांच्या दप्तरातच राहिली. मासिक मात्र घरात येई, एकाचे वाचून झाले की दुसऱ्याच्या हाती जाई, आणि त्यात इतिहासाला लागून रसायनशास्त्र, कथेला लागून भूगोल असे. विज्ञानच वाचायचे असे ठरवून अंक उघडणारे थोडे होते. बाकीच्यांना ते वाचता वाचता भेटले, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा भेटले.

या परंपरेच्या मुळाशी बाळशास्त्री जांभेकर आहेत. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. पानावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी आणि शेजारी मराठी, अशी त्याची मांडणी होती. बातम्यांबरोबर युरोपातल्या विद्यांची ओळख करून देणे हा त्याचा उघड हेतू होता. पण वृत्तपत्राचा जीव बातमीत असतो आणि सविस्तर समजावून सांगायला तिथे जागा अपुरी पडते. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद झाले. त्याच वर्षी मे महिन्यात जांभेकरांनी काढलेले ‘दिग्दर्शन’ हे मराठीतले पहिले मासिक. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन, प्राणिशास्त्र असे विषय त्यात नकाशे आणि आकृत्यांसह येत. एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये गणित आणि ज्योतिष शिकवणारा, कुलाब्याच्या वेधशाळेची जबाबदारी काही काळ सांभाळणारा शिक्षकच इथे संपादक होता. जांभेकर १८४६ मध्ये, ऐन चौतिशीत गेले. त्यांच्या कामाचे मोल एखाद्या लेखावरून ठरवता येत नाही. शिकवणाऱ्याने वर्गाच्या भिंतीबाहेरही शिकवायचे, आणि ते आपल्या भाषेत, ही वहिवाट त्यांनी घालून दिली.

त्यांचा वाचक कोऱ्या पाटीचा नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. तिथी, नक्षत्र, ग्रहण यांची गणिते अशी छापील रूपात घरोघर जाऊ लागली होती. ग्रहण कधी लागणार हे वाचकाला पंचांग सांगे. ते का लागते, हे सांगायला मासिक आले.

पुढच्या पिढीत हे काम एकट्यादुकट्याचे राहिले नाही. ‘दर्पण’च्या कामात जांभेकरांना साथ देणारे भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले आणि १८५४ मध्ये ‘ज्ञानदर्शन’ हे त्रैमासिक. एल्फिन्स्टनच्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्थापलेल्या सभेची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. तिचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ १८५० पासून सतरा वर्षे चालले. सभेत निबंध वाचायचा, श्रोत्यांसमोर तो पारखला जायचा आणि मग मासिकात छापायचा, अशी तिची रीत होती. ऐकणाऱ्याला कळले नाही तर ते लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे कळे. आजच्या कितीतरी लेखकांना ही सोय नाही. गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी या सभेपुढे भरती-ओहोटी, कालज्ञान, सूर्यावरचे डाग अशा विषयांवर निबंध वाचले.

यातला भरती-ओहोटीचा विषय जवळून पाहण्यासारखा आहे. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती बाराच्या आतबाहेर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे होडीवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरती त्याच्यामागोमाग सरकते. सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढू लागले की उधाण येते, काटकोनात ओढू लागले की भांग पडते. पाऊणपटीच्या हिशेबाचे कारण चंद्राचा हा रोजचा उशीर आहे. ज्याला उत्तर आधीच पाठ आहे त्याला कारण सांगण्यात वेगळाच आनंद असतो, आणि मुंबईच्या वाचकाजवळ अशी उत्तरे पुष्कळ होती.

१८६७ च्या जुलैत रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू केले आणि ते सत्तर वर्षे टिकले. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी त्यातच क्रमशः आली, आणि त्याच पुठ्ठ्यात शास्त्रीय विषयही येत राहिले. कादंबरीचे पुढचे प्रकरण वाचायला अंक उघडणारा अधल्यामधल्या पानांवर रेंगाळे. हा शेजार विज्ञानाला फार लाभला. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ मध्ये थेट कोचीहून काढलेल्या ‘केरळकोकिळ’ने पुढे ज्यूल व्हर्नची चंद्रावरच्या सफरीची कथाच मराठीत आणली.

वृत्तपत्रांची परीक्षा झाली ती प्लेगमध्ये. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, आणि जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईतच लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण उंदरावरची पिसू रोग पसरवते हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी दाखवले ते १८९८ मध्ये, आणि सर्वमान्य व्हायला त्याला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे घरझडत्या, सक्तीची इस्पितळे आणि अफवा यांच्या गर्दीत वृत्तपत्रे ज्याविषयी लिहीत होती, ते शास्त्रच अजून अर्धवट होते. पिकलेले ज्ञान हप्त्याहप्त्याने देणे मासिकाला जमत होते. वृत्तपत्राला शास्त्रज्ञांचे चाचपडणे चालू असतानाच छापावे लागले, आणि हे अवघड काम त्याच्या वाट्याला पुढेही येत राहिले.

छापलेली चूक किती टिकते याचा दाखला याच काळाशी जोडलेला आहे. हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी लावला, असे वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे छापून येते. वास्तविक १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणाचे वेध गुंटूरला घेतले ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन यांनी, आणि लॉकयर यांची निरीक्षणे त्यानंतर ऑक्टोबरात, ग्रहण नसताना झाली. ते विजयदुर्गाला आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ नावाचे चौथरे त्या भेटीची आठवण आहेत. विजयदुर्गाचा हा खरा मान पुरेसा मोठा आहे. त्यावर दुसऱ्याचा मान चढवायची गरज नाही.

विसाव्या शतकात विज्ञानाला स्वतःचे मासिक मिळाले. भौतिकीचे प्राध्यापक गो. रा. परांजपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १९२८ मध्ये पुण्याहून ‘सृष्टिज्ञान’ सुरू केले. पुढच्याच महिन्यात, २८ फेब्रुवारीला, कलकत्त्यात रामन परिणामाचा शोध लागला. भारतीय संशोधन जगात नाव काढत असताना ते मराठीत समजावणारे साधन हाताशी होते, हे वाचकांचे भाग्य. शंकरराव किर्लोस्करांच्या ‘किर्लोस्कर’ने वेगळी वाट धरली. १९२० मध्ये कारखान्याची खबर म्हणून निघालेल्या या मासिकात १९३० च्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले. विज्ञान तिथे माहितीपेक्षा भूमिका म्हणून उभे राहिले. या लेखनाने समाज हलवला यात शंका नाही. मात्र वाद घालणाऱ्या लेखाला यंत्राचा एकेक भाग उलगडून दाखवायला सवड नसते, आणि ते दुसरे काम ‘सृष्टिज्ञान’सारखी मासिकेच करीत राहिली.

१९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या पत्रिकेने ही परंपरा पुढे नेली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नावाने परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरे उलटी केली होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली होती.

वृत्तपत्राची ताकद दिसते ती प्रसंगात. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. लगेचच्या अंकांत कारण छापून आले: चमच्यातल्या दुधाची कड दगडी सोंडेला टेकली की पृष्ठताणामुळे दूध वर ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा तो ओघळ डोळ्यांना दिसला. वर्गात दोन ओळींत उरकला जाणारा पृष्ठताण एका दिवसात घराघरात बोलला गेला. ज्यांना पटायचे नव्हते त्यांना पटले नाही, पण घरी चमचा घेऊन बशीतल्या गणपतीवर तो प्रयोग करून पाहणे आता कोणालाही शक्य होते.

मासिकांचा वाचक पुढे रोडावला, आणि त्यांचे संथ, क्रमाने सांगायचे काम काही अंशी दैनिकांच्या छोट्या सदरांकडे आले. ‘लोकसत्ता’तले ‘कुतूहल’ हे मराठी विज्ञान परिषदेच्या सहकार्याने चालणारे सदर त्यातले ठळक. रोज एखादा कोपरा, विषय एकच आणि लिहिणारे बहुधा त्या विषयाचे अभ्यासक किंवा शिक्षक. काही वर्षी तर वर्षभर एकच शास्त्र घेऊन ते मुळापासून मांडले गेले.