बुडालेल्या शिवाराची नावं

आजीचं माहेर येलदरीच्या पाण्याखाली आहे. पूर्णेवरचं हे धरण १९६८ साली पूर्ण झालं; गाव त्याआधीच उठलं. मातीच्या भिंती तिथंच राहिल्या. तुळया, कड्या, दारांच्या चौकटी काढून लोकांनी बैलगाड्यांत भरल्या. त्यातली एक चौकट आजीच्या भावानं तिला दिली, "ही भाऊबीजेची ओवाळणी" म्हणून. ती आमच्या घराला बसवली. तिचा सागवानी उंबरा मधोमध झिजून खोलगट झालाय. त्या खोलगटात हळदीकुंकवाचा थर इतका घट्ट बसलाय, की नखानं खरवडला तरी निघत नाही. ही झीज आमच्या पायांची नाही.

आजी निजामाच्या राज्यात जन्मली. हाली सिक्का तिनं हाताळला होता. रझाकारांच्या भीतीनं ज्वारीच्या पिकात काढलेली रात्र ती सांगायची. १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६०ला महाराष्ट्र झाला. एवढी राज्यं बदलली, तरी तिच्या माहेरची पांढरी जागच्या जागी होती. ती हलवली पाण्यानं. तरी धरणाला तिनं कधी नावं ठेवली नाहीत. "खाली वसमतपस्तोर रानं भिजली की, लोकाच्या घरात उजेड आला," म्हणायची. पण पहाटे जात्यावर बसली, की गंगाखेडच्या जनीच्या ओव्या संपून तिचा सूर माहेरच्या वाटेला लागायचा. मग घरात कुणी बोलत नसे.

आमच्या जिंतूर तालुक्याचा इतिहास म्हणजे चारठाण्याची हेमाडपंती देवळं, नेमगिरीची जैन लेणी. लोक लांबून बघायला येतात, यावंच. चारठाण्याच्या गावकऱ्यांनी बारवेतला गाळ उपसला तेव्हा मलाही भरून आलं होतं. दगडाचं काम शतकांनी गाळातून वर काढता येतं. मातीच्या गावाचं तसं नसतं. ते उरतं फक्त तिथल्या माणसांच्या तोंडी, आणि तेही ती माणसं आहेत तोवर.

दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात पाणी फार मागं हटलं, तेव्हा आजीला काठावर नेलं. भेगाळलेल्या गाळाकडं बोट करत ती शेतांची नावं सांगू लागली. "ते वडाचं. त्याच्या खाली मळई. अन् तिकडं बरडाचं, ते मपल्या बापाचं." सातबाऱ्यावर गट नंबर असतो, ही नावं नसतात. घाईघाईनं मी अकरा लिहून घेतली. ऊन चढलं, तिला धाप लागली. "राहिल्याली दिवाळीला सांगते, बाप्पा," म्हणाली.

दिवाळी आली तेव्हा आजी नव्हती. तिचा भाऊ तर कधीच गेला होता. वहीच्या त्या पानावर बाराचा आकडा मी घालून ठेवला होता. त्याच्यापुढं काही लिहिलेलं नाही.