पाठीमागचा सूर्य

तुमच्या घरी जुन्या फोटोंचा एखादा डबा असेल. त्यात एखादा तरी बिघडलेला फोटो सापडतोच. आमच्या घरीही असा एक फोटो आहे. तो मी काढला होता.

ही गोष्ट नोव्हेंबर १९८१ मधली. तेव्हा मी आठवीत होतो. आम्ही लालबागच्या एका चाळीत राहत होतो. बाबा कापड गिरणीत साचेखात्यात कामाला होते. साचेखाते म्हणजे जिथे मागांवर कापड विणतात ते खाते. शेजारच्या काकांकडे 'क्लिक थ्री' कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. अकरा फोटो काकांच्या नातवाच्या बारशात संपले होते. काका मला म्हणाले, "शेवटचा तू काढ. पण एक लक्षात ठेव. सूर्य नेहमी आपल्या पाठीशी असावा."

त्या रविवारी आम्ही दादर चौपाटीवर गेलो. सहा वाजत आले होते. समोर लालभडक सूर्य समुद्राकडे झुकला होता. मला मोह आवरेना. फोटोत बाबा हवेत आणि सूर्यही हवा! मी काकांचे सांगणे विसरलो. बाबांना समुद्राकडे पाठ करून उभे केले आणि ओरडलो, "बाबा, थोडे उजवीकडे सरका!"

बाबांना नीट ऐकू आले नाही. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम करून त्यांचा डावा कान अधू झाला होता. त्यांनी सवयीप्रमाणे मान कलती केली, उजवा कान पुढे केला आणि विचारले, "काय म्हणालास?" नेमकी त्याच क्षणी माझ्याकडून कळ दाबली गेली.

आठवड्याने स्टुडिओवाल्याने फोटो हातात ठेवला आणि तो हसून म्हणाला, "सूर्य आला, पण वडील राहिले!" खरेच, बाबांच्या जागी नुसती काळी आकृती होती. नाक नाही, डोळे नाहीत, हसू नाही. मला रडूच कोसळले.

असे का झाले? सूर्य बाबांच्या मागे होता. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर फारच थोडा उजेड पडत होता आणि मागचे आकाश मात्र झगझगीत होते. आपला डोळा दोन्ही गोष्टी सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते तितके जमत नाही. त्याने आकाश धरले आणि चेहरा सोडला.

अशा काळ्या आकृतीला छायाकृती म्हणतात. कॅमेरा नव्हता, त्या काळी युरोपात काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची बाजू कापून देत. रंगीत चित्र काढून घेणे ज्यांना परवडत नसे, त्यांची हौस अशा स्वस्त चित्रावर भागत असे.

तुम्हालाही छायाकृती टिपता येईल. आता तर फोनमध्येच कॅमेरा असतो. पडद्यावर आकाशाच्या जागी बोट टेकवा, म्हणजे माणूस काळा आणि आकाश रंगीत येईल. चेहऱ्यावर बोट टेकवले, तर चेहरा उजळेल. पण आकाश पांढरे पडेल. वाळूवर खाली बसून फोटो काढा, म्हणजे माणूस मोकळ्या आकाशावर उठून दिसेल. दोन माणसे असतील, तर त्यांच्यात थोडे अंतर ठेवा. नाहीतर दोघांचा मिळून एकच ढीग दिसेल. सूर्याकडे मात्र टक लावून पाहू नका. डोळ्यांना इजा होते.

आणि घाई करा! सूर्याची कड पाण्याला टेकली, की मुंबईत अवघ्या दोन-अडीच मिनिटांत तो पूर्ण बुडतो. मगरिबची वेळ किती झटकन येते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ईदचा चाँद शोधताना तुम्ही हेच पश्चिमेचे आकाश न्याहाळता. दादर चौपाटीवरून आज तिथे वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो. तो २००९ मध्ये सुरू झाला. संध्याकाळी त्याच्या ताणलेल्या तारांचीही सुरेख छायाकृती होते.

माझ्या फोटोची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर बाबा पुन्हा कधी मागावर उभे राहिले नाहीत. काही वर्षांनी ते वारले. गिरणीच्या ओळखपत्रावर त्यांचा एक लहानसा फोटो होता. आम्ही तो मोठा करून घेतला आणि भिंतीवर लावला. उर्दूतली तस्वीर मराठीत तसबीर झाली आहे. आमच्या घरातली ती पहिली तसबीर. तिच्यात बाबांचे नाक, डोळे, मिशा, सारे स्वच्छ दिसते. पण कुणी हुकूम केल्यासारखे ते ताठ बसले आहेत.

एकदा आईची ट्रंक आवरताना तळाशी मला तो काळा फोटो सापडला. मी म्हणालो, "आई, हा बिघडलेला फोटो कशाला जपून ठेवलास? यात बाबांचा चेहराही दिसत नाही."

आईने फोटो माझ्या हातातून घेतला आणि पदराने पुसला.

"चेहरा भिंतीवर आहे," ती म्हणाली. "यात ते तुझे बोलणे ऐकताहेत. त्यांची मान बघ."