नुसतं बोलायचे पैसे

संपादकांनी विषय दिला: मानसशास्त्रातलं करिअर आणि कमाई. वर ताकीद, ‘तांत्रिक नको, वाचकांना झेपेल असं लिहा.’ मी हैदराबादेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आमच्याकडे कमाईचं बोलायचं तर तांत्रिकात शिरावंच लागतं, कारण नुसत्या पदवीवर इथे फारसं काही ठरत नाही. नोंदणीवर ठरतं.

मध्यंतरी एक मुलगी भेटून गेली. मूळची लातूरची, इथे माधापूरच्या एका कंपनीत एचआरमध्ये. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए. केलं, मग काउन्सेलिंगचा सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा, त्यावर सोनेरी शिक्क्याचं ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्र. आता नोकरी सोडून थेरपिस्ट व्हायचं होतं. “मॅडम, माझं रजिस्ट्रेशन कुठे होईल?” म्हटलं, क्लिनिकल म्हणून तर कुठेच नाही. ती रडली नाही, चिडलीही नाही. मोबाइल काढून कर्जाचे किती हप्ते राहिलेत ते बघायला लागली. तिला कुणीतरी प्रवेश घेण्याआधी हे सांगायला हवं होतं, म्हणून हा लेख.

तर नोंदणी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, नोंदवहीत असावं लागतं. १९९२ चा तो कायदा मुळात अपंगांच्या पुनर्वसनासाठी; त्यात श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्या पंगतीला आम्हालाही बसवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आमची व्याख्या करताना आरसीआयचीच मान्यता धरली. आणि काउन्सेलर? त्यांना बराच काळ कुणी वालीच नव्हता. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, त्यात सायकॉलॉजिस्ट घेतले, पण आरसीआयखालच्या क्लिनिकलवाल्यांना वगळून. विषय एक, त्याची घरं दोन, आणि दुसऱ्या घराचं बांधकाम अजून चालूच. त्यामुळे एम.ए. नंतर दोन वर्षं वॉर्डात काढलेली मुलगी आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेले गृहस्थ एकाच इमारतीत सारखीच पाटी लावून बसू शकतात. लोकांना फरक कळत नाही, यात लोकांचा दोष थोडा कमीच.

२०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, याच २०२१ च्या कायद्याचा आधार घेऊन सांगितलं की मानसशास्त्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायचं नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद. त्यावर आमच्या क्षेत्रात अजून भांडणं चालू आहेत. नोकरी करणाऱ्या, लग्न होऊन गाव सुटलेल्या बायकांना शिक्षणाचा तोच एक रस्ता होता हे खरं आहे. तरी मी निर्णयाच्या बाजूने आहे, आणि त्यापायी काही मैत्रिणी दुरावल्या आहेत. फ्रॉइड पुस्तकातून कळतो. समोरचा माणूस आत्महत्येबद्दल बोलता बोलता गप्प झाला, तर त्या शांततेत आपण किती वेळ थांबायचं, हे शेजारी बसलेल्या वरिष्ठांशिवाय कळत नाही. त्यालाच आम्ही सुपरव्हिजन म्हणतो. डिप्लोमावाले नेमकं तेच गाळतात, कारण ते महाग पडतं.

जुना रस्ता म्हणजे बी.ए., एम.ए. आणि दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. यूजीसीने २०२२ च्या नियमांत एम.फिल. ही पदवीच काढून टाकली. क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली, आणि आता आरसीआयचे नवे अभ्यासक्रम तिची जागा घेत आहेत. आमच्या शहरात हे शिकवणारी सिकंदराबादची स्वीकार अकादमी आहे. मनोविकासनगरला १९८४ मध्ये सुरू झालेली, आता एनआयईपीआयडी म्हणवणारी बौद्धिक अपंगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथलं एम.फिल. पुनर्वसन मानसशास्त्राचं होतं. जागा सगळीकडे मोजक्या, अर्ज ढीगभर.

आता पैसे. माझ्या पाहण्यात इथल्या खासगी शाळेत नवीन काउन्सेलरला महिना पंचवीस-तीस हजार मिळतात, आणि त्यात बदली तासही घ्यावे लागतात. स्वतःचा दवाखाना असेल तर तासाला हजार ते दोन हजार फी. दुसऱ्याच्या सेंटरमध्ये बसलात तर त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा सेंटरचा. हिशेब करणारे इथेच चुकतात: दिवसाचे आठ तास गुणिले फी, असं धरतात. पाचव्या माणसानंतर नीट ऐकू येत नाही. शिवाय ऐनवेळी न येणारे, आणि पहिल्याच भेटीनंतर “बातां करने के इत्ते पैसे?” म्हणून परत न फिरकणारे. हाच माणूस बंजारा हिल्सला केसांच्या डॉक्टरकडे न कुरकुरता पैसे मोजतो.

माझं भाडं खरं तर चाचण्या भागवतात. बुद्ध्यांकाची बिने-कामत चाचणी घ्या. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिनेच्या चाचणीचं रूपांतर केलं. आज नव्वदेक वर्षं झाली तरी ती वापरात आहे. नागपूरच्या मालिनसाहेबांची मुलांची चाचणीही १९६९ ची. तिच्या प्रश्नांना जुनाट वास येतो, पण पर्याय महाग आहेत. मुलाच्या अपंगत्व प्रमाणपत्रासाठी आलेल्या आईला अहवालावर आरसीआय क्रमांक लागतो. ती सही हेच नोंदणीचं खरं उत्पन्न. (मानसिक वयाचं सूत्र लिहायला हात शिवशिवतोय, पण संपादकांची ताकीद आठवते.)

मागणी मात्र वाढते आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेलंगणात इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, निकालातल्या गोंधळानंतर विद्यार्थ्यांच्या आत्महत्या झाल्या, तेव्हा सगळे हळहळले. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. त्यानंतर एका कॉलेजातून फोन आला: “मॅडम, महिन्यातून एकदा या, रजिस्टरवर सही पाहिजे.” मानधन विचारलं तर म्हणाले, ही समाजसेवा आहे. मी गेले नाही. दुसरं कुणी गेलंच असेल.

तेव्हा मुलगी किंवा मुलगा मानसशास्त्र म्हणत असेल, तर अडवू नका. प्रवेशाची फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि त्याच वर्षाची मान्यता तपासा. सुपरव्हिजन कोण करणार, आठवड्यात किती तास, आणि खरे रुग्ण बघायला मिळणार का, हे तोंडावर विचारा. उत्तर टाळलं तर उठून या. शिकून झाल्यावरही पहिली तीन-चार वर्षं घरून मदत लागेल असं धरून चाला. पुढे घर नीट चालतं. कोकापेटसारख्या महागड्या भागात फ्लॅट मात्र यातून होत नाही.