पॉली शॉर्ट्सचा चढ

पॉली शॉर्ट्सचा चढ कागदावर पाहिला तर हसू येईल. लांबी जेमतेम दोन किलोमीटर. रविवारी पहाटे सिंहगडाच्या घाटात धावणाऱ्या पुणेकराला तर ह्याला चढ म्हणावं की नाही, असाच प्रश्न पडेल. पण तो येतो पंचाहत्तरहून अधिक किलोमीटर पायांखालून गेल्यावर. त्याआधी काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल आणि इंचांगा या चौघांनी आपापली वसुली केलेली असते. पॉली शॉर्ट्सच्या वाट्याला येतो तो उरलासुरला माणूस.

ही दक्षिण आफ्रिकेतली ‘कॉम्रेड्स’ मॅरेथॉन. नाव मॅरेथॉनचं असलं तरी अंतर त्याच्या दुपटीहून जास्त, नव्वद किलोमीटरच्या आसपास. एक टोक समुद्राकाठच्या डर्बनचं, दुसरं डोंगरातल्या पीटरमारित्झबर्गचं; १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं गेलं तेच हे पीटरमारित्झबर्ग. व्हिक क्लॅफम नावाच्या रेल्वेतल्या माणसानं पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत अफाट पायपीट केली होती. मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून पुतळा उभारण्याऐवजी त्यानं शर्यत मागितली. २४ मे १९२१ रोजी चौतीस जण धावले, सोळा पोचले. आता हजारो धावतात, आणि त्यांत मुंबई-पुण्याकडची मंडळीही असतात. शर्यतीची दिशा साधारणपणे दरवर्षी बदलते: एकदा चढाची, एकदा उताराची.

अशा शर्यतीबद्दल बोलताना ‘मनाची ताकद’ हा शब्द फार सैल हातानं वापरला जातो. दात-ओठ खाऊन, मुठी आवळून वर जाणारा वीर डोळ्यांसमोर येतो. चढावर प्रत्यक्षात दिसते ती घासाघीस. पुढच्या खांबापर्यंत धावायचं, मग दोन खांब चालायचं. खांब आला की मन म्हणतं, आता तीन. दुसरं मन म्हणतं, दोनच ठरले होते. पाण्याच्या टेबलाजवळ पोचलेला माणूस हातातल्या प्लास्टिकच्या चपट्या पिशवीचा कोपरा दातांनी तोडतो, अर्धं पाणी तोंडात, अर्धं मानेवर, आणि तेवढ्या दहा-वीस पावलांत सोडून देण्याचा विचार पुढे ढकलला जातो. मीठ लावलेला उकडलेला बटाटा मिळाला तर आणखी थोडा पुढे.

ज्याला ही घासाघीस एकट्यानं झेपत नाही तो ‘बस’ पकडतो. ठरलेल्या वेळेत पोचवण्याची जबाबदारी घेतलेला एक अनुभवी धावपटू म्हणजे ड्रायव्हर, आणि त्याच्यामागे चाललेला जथा म्हणजे बस. कुठे धावायचं, कुठे चालायचं हे तो ओरडून सांगतो, मागचे गातात. दिंडी चालावी तसं हे चालतं. स्वतःचं मन काही तास दुसऱ्याच्या हवाली करणं हाही कणखरपणाच, आणि बहुतेकांना परवडणारा तोच.

केप टाउनचे शास्त्रज्ञ टिम नोक्स स्वतः ही शर्यत अनेकदा धावलेले. त्यांचं म्हणणं असं, की शरीर खरोखर संपण्याच्या बरंच आधी मेंदू हात आखडता घेतो. पुरावा म्हणून ते शेवटच्या टप्प्याकडे बोट दाखवतात: मघाशी पाऊल उचलत नव्हतं तो माणूस शेवटची रेषा दिसताच पळू लागतो कसा? सगळ्यांना हा सिद्धांत मान्य नाही. संशोधक सॅम्युएले मार्कोरा यांनी वेगळ्या बाजूनं पाहिलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही जणांना नव्वद मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकलवर बसवलं. हृदयाचे ठोके वगैरे सारं नेहमीसारखंच होतं, तरी ती माणसं लवकर थांबली. त्यांना तेवढेच श्रम जास्त जड वाटत होते. म्हणजे शर्यतीआधीच्या आठवड्यात ऑफिसातली भांडणं टाळणं हाही सरावच म्हणायचा.

आणि उतार? नवखा माणूस उताराच्या वर्षी खूश होतो. जाणता होत नाही. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, त्यांचे बारीक तंतू फाटतात, आणि हे नुकसान तेव्हा कळत नाही. सकाळी मोकळ्या सोडलेल्या पायांचं बिल दुपारी येतं. चढावर मन लागतं ते पुढे जायला. उतारावर लागतं ते स्वतःला आवरायला, आणि हे दुसरं काम जास्त अवघड, कारण त्या वेळी काहीच दुखत नसतं.

वॉली हेवर्ड यांना दोन्ही वाटा ठाऊक होत्या. १९३० पासून १९५४ पर्यंत त्यांनी ही शर्यत पाचदा जिंकली होती. १९८८ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, ते पुन्हा उतरले आणि पॉली शॉर्ट्ससकट सगळा चढ पार करून नऊ तास चव्वेचाळीस मिनिटांत पीटरमारित्झबर्गला पोचले. पुढच्याच वर्षी, ऐंशी पूर्ण झाल्यावर, पुन्हा. ते उताराचं वर्ष होतं. या शर्यतीला वेळेची मुदत असते; ती संपली की बंदूक उडवणारा माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो, कुणाचा चेहरा बघून बोट थबकू नये म्हणून. हेवर्ड धावले तेव्हा ही मुदत अकरा तासांची होती. डर्बनच्या स्टेडियमवर हेवर्ड लडखडत शिरले, लोक उभे राहून ओरडत होते, आणि त्यांनी रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात एक मिनिट सत्तावन्न सेकंद शिल्लक होते.