श्वास घ्या, धरून ठेवा

बर्मिंगहॅम, 24 सप्टेंबर

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

पोचल्याचं फोनवर बोललेच. पण बाबा, तुम्ही म्हणाला होतात की फोनवरचं विरून जातं, चार ओळी लिहीत जा. म्हणून हे पत्र.

हीथ्रोहून बस धरली, ती डिग्बेथच्या स्थानकावर उतरवते. सामान खोलीवर टाकलं आणि संध्याकाळी न्यू स्ट्रीट स्टेशन बघून आले. आत एक प्रचंड यांत्रिक बैल उभा आहे. 2022 च्या राष्ट्रकुल खेळांच्या उद्घाटनासाठी बनवलेला, आता स्टेशनाचाच झालाय. मिरज जंक्शनवर वाढलेल्या मुलीला स्टेशन ओळखीचं वाटायला वेळ लागत नाही. घोषणा, धावपळ, चहाचे कप, सगळं तेच.

आमचं विद्यापीठ म्हणजे बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटी, पण तिच्या आरोग्यशाखेचे वर्ग एजबॅस्टनला आहेत, बोटॅनिकल गार्डन्सच्या शेजारी. रस्ताभर मोठी झाडं. वर्गात नुकती शाळा संपवलेली मुलं आहेत, तशीच माझ्या दुप्पट वयाची एक बाईही आहे. तिने बरीच वर्षं एक्सरे विभागात मदतनीस म्हणून काम केलंय. पेशंटना ढकलखुर्चीतून आणून पोचवता पोचवता तिला वाटलं, आतलं काम आपणच शिकावं. मी तिच्याच शेजारी बसते.

आत्या निघताना विचारत होती ना, बटण दाबायला तीन वर्षं कशाला लागतात? तिला सांगा की एक्सरे काढणाऱ्यांचं रेडिओग्राफर हे नाव इथे कायद्याने राखलेलं आहे. पदवी घेऊन सरकारमान्य नोंदवहीत नाव लागल्याशिवाय कुणालाही स्वतःला तसं म्हणवता येत नाही. शिक्षणाचा मोठा हिस्सा वर्गात नाही, थेट रुग्णालयात होतो. किरणांनी उपचार करणाऱ्यांचा अभ्यासक्रम निराळा, आमचा निदानाचा निराळा. पहिला आठवडा मात्र लसींचे दाखले, पोलीस पडताळणी, पाठ न दुखवता माणूस कसा सरकवायचा आणि बंद पडलेलं हृदय कसं चालू करायचं, यातच गेला.

आई, बांगड्या काढून पेटीत ठेवल्यात. रुग्णालयात कोपराखाली काहीच चालत नाही, ना बाही, ना घड्याळ. हात नीट धुता यावेत म्हणून. नियम मला पटला, तेव्हा तू वाईट वाटून घेऊ नकोस.

आणि काळजीचं एक उत्तर. किरणांत काम करणार म्हणून तुझा जीव खालीवर होतो. छातीच्या एका एक्सरेत जेवढी किरणं लागतात, तेवढी माती, हवा आणि आकाशातून आपल्याला दोन-तीन दिवसांत आपोआपच मिळतात. मुंबईहून इथे येताना विमानात मला छातीच्या एक्सरेएवढी, कदाचित त्याहून जास्तच लागली असतील. तेव्हा तू काळजी केली नव्हतीस. आणि आम्ही तर काचेमागे उभे असतो.

तुमची,
लेक

बर्मिंगहॅम, 12 ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

बारावीच्या फिजिक्सला शिव्या घालणं थांबव आणि हे वाच.

आमच्या सरावाच्या खोलीत खरं एक्सरे यंत्र आहे. वर छतावरच्या रुळांवर सरकणारी नळी, खाली टेबल, भिंतीला उभा डिटेक्टर. नळीच्या आत निर्वात पोकळी. तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि टंगस्टनच्या गरगर फिरणाऱ्या तबकडीवर आदळतात. त्या आदळण्यातून जी ऊर्जा निघते तिच्यातली सुमारे 99 टक्के नुसती उष्णता असते. एक्स-किरणं जेमतेम एक टक्का! तबकडी फिरती ठेवायची ती एवढ्यासाठीच, की मारा एकाच जागी बसून धातू वितळू नये. तुझ्या पुस्तकातला व्यस्त वर्गाचा नियम तर इथे रोज लागतो. अंतर दुप्पट केलं की किरणं चौपट विरळ. स्वतःला वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दोन पावलं मागे सरणं.

पण मला जे खरं सांगायचंय ते यंत्राबद्दल नाहीच. यंत्र आकडे सांगितले की ऐकतं. माणूस नीट उभा करणं हे काम. छातीचा एक्सरे घे. आपल्याला वाटतं समोरून फोटो काढतात. प्रत्यक्षात माणसाची छाती डिटेक्टरला टेकवतात आणि किरणं पाठीतून सोडतात, 180 सेंटिमीटरवरून. हृदय पुढच्या बाजूला असतं. ते डिटेक्टरच्या जवळ राहिलं की त्याची सावली फुगत नाही. उलटं उभं केलंस तर धडधाकट माणसाचंही हृदय मोठं दिसेल. मग हनुवटी वर, हातांचे पंजे कमरेवर, कोपर पुढे. कोपर पुढे गेले की पाठीची पाती बाजूला सरकतात आणि फुप्फुसं मोकळी दिसतात. मग म्हणायचं, श्वास घ्या, धरून ठेवा. फुप्फुसात हवा भरली नाही तर तळाकडचा भाग पांढुरका दिसतो आणि नसलेला न्यूमोनिया असल्यासारखा वाटतो.

हे आम्ही एकमेकांवर शिकतो, पण किरणं न सोडता. सरावासाठी जिवंत माणसावर किरणं टाकायची नाहीत, हा नियम इथे कुणीही मोडत नाही. किरणं सोडायची ती प्लॅस्टिकच्या मांसात हाडं बसवलेल्या पुतळ्यावर. पुतळ्याच्या कोपराचा बाजूने फोटो काढायचा होता. कोपर काटकोनात, आणि खांदा, कोपर, मनगट तिन्ही एका पातळीत हवीत. खांदा दोन बोटं वर राहिला तरी हाडांची टोकं एकमेकांवर बसत नाहीत. तसं झालं की सांध्यातली चरबीची ती बारीकशी सावली दिसत नाही, आणि बऱ्याचदा न दिसणाऱ्या फ्रॅक्चरची खूण तीच असते.

मला आपल्या सतारमेकर गल्लीतले तंबोरे आठवले. जवारी लावताना तारेखालचा दोरा केसभर इकडेतिकडे होतो आणि सूर एकदम उघडतो, तसंच हे. ज्याला हे केसभर समजलं त्यालाच ते काम समजलं.

प्रत्येकाला शिशाची दोन अक्षरं मिळाली, एक डावीकडचं, एक उजवीकडचं, खाली आपापली आद्याक्षरं. फोटो घेताना ती चौकटीत ठेवायची. डाव्या हाताला उजवा म्हटलं तर शस्त्रक्रिया चुकीच्या बाजूला होऊ शकते. माझ्या आद्याक्षरांवर एवढी जबाबदारी आजवर कधीच नव्हती.

तुझी,
ताई

बर्मिंगहॅम, 8 नोव्हेंबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

आज मुद्दाम तुम्हाला लिहितेय. 1895 साली याच तारखेला वुर्झबुर्गमध्ये रॉन्टगेनना ही किरणं सापडली, म्हणून जगभरचे आपल्या पेशाचे लोक आजचा दिवस पाळतात. मी हे शिकायला आले ते तुमच्यामुळे. शाळेतून येताना तुमच्या एक्सरेच्या दवाखान्यात डोकवायची सवय होती. फिल्म धुवायच्या हायपोचा वास, चिमट्याला लटकलेल्या ओल्या फिल्म आणि त्या उजेडाकडे धरून बघणारे तुम्ही, हे सगळं अजून डोळ्यांपुढे आहे. इथे फिल्म नाही, अंधारखोली नाही, तीन-चार सेकंदांत चित्र पडद्यावर येतं. पण तुम्ही मला पहिल्यांदा दाखवलंत ते हाड पाहून जे वाटलं होतं, ते इथेही वाटतं.

या गावाचा आपल्या कामाशी फार जुना संबंध आहे. जॉन हॉल-एडवर्ड्स नावाचे डॉक्टर इथले. रॉन्टगेनचा शोध जाहीर होऊन पंधरवडाच झाला होता, तोवर 11 जानेवारी 1896 ला त्यांनी हातात रुतलेल्या सुईचा फोटो काढला. फेब्रुवारीत तर त्यांच्या फोटोवरून शस्त्रक्रियाही झाली. बोअर युद्धातही ते यंत्र घेऊन गेले होते. तेव्हा संरक्षण असं काहीच नव्हतं. किरणांचा जोर किती हे बघायला लोक आपलाच हात मध्ये धरत. हॉल-एडवर्ड्सच्या हातांना जखमा झाल्या, त्या बऱ्या होईनात. आपल्याला काय होतंय ते त्यांनी लपवलं नाही. लिहिलं, सांगितलं, दुसऱ्यांना सावध केलं. 1908 साली त्यांचा डावा हात कापावा लागला, नंतर उजव्या हाताची चार बोटं गेली. 1926 साली कर्करोगाने ते वारले. त्यांचा तो डावा हात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या संग्रहात ठेवलेला आहे.

काल वर्ग संपल्यावर मी स्टीलहाऊस लेनवरच्या मुलांच्या रुग्णालयापर्यंत चालत गेले. लाल विटांची जुनी इमारत, पूर्वीचं जनरल हॉस्पिटल. त्यांच्या नावाची निळी पाटी तिथे आहे. पाऊस पडत होता, तरी मी बराच वेळ उभी राहिले. जर्मनीत हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात 1936 साली किरणांनी बळी घेतलेल्या अशा लोकांचं स्मारक उभारलं, तेव्हाच त्याच्यावर 169 नावं होती, पुढे ती वाढत गेली. काका, छातीला लावायचा तो बॅज, शिशाचा अ‍ॅप्रन, काच, दारावरचा लाल दिवा, हे सगळं त्या माणसांनी आपले हात देऊन आपल्याला दिलंय. तुमचा बॅज खिळ्याला टांगलेला असतो ते मला माहीत आहे. मोठ्या माणसाला मी काय सांगावं, पण तो उद्यापासून लावाच. तो बॅज तुमच्या अंगावर असेल तरच तुम्हाला किती किरणं लागली ते कळेल.

एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पेशंटच्या अंगावर शिशाचा तुकडा टाकायची आपली पद्धत इथे बहुतेक थांबवलीय. 2020 सालच्या मार्गदर्शनात तसं स्पष्ट सांगितलंय. आता यंत्रं कमी किरणांत काम करतात आणि शरीराच्या आत विखुरणारी किरणं बाहेरचं शिसं अडवू शकत नाही. शिवाय तुकडा जागचा हलला तर हवा तोच भाग झाकला जातो आणि फोटो परत काढावा लागतो. त्यापेक्षा चौकट आवळून धरणं आणि पहिल्याच वेळी नीट काढणं, हीच खरी राखण. हे वाचताना मला तुम्हीच आठवत होतात. फिल्म महाग म्हणून तुम्ही एकही वाया जाऊ द्यायचा नाहीत. पैशासाठी घातलेली ती शिस्त माणसासाठीही बरोबरच होती.

आपल्याकडेही 2021 साली तुमच्यासारख्यांच्या कामासाठी कायदा झाला, राष्ट्रीय आयोग, नोंदणी, सगळं त्यात आहे. ते गावोगावी पोचायला हवं. इतकी वर्षं तुम्हाला लोक एक्सरेवाला म्हणत आले. डॉक्टर फिल्म बघून निदान करायचे आणि फिल्म नीट आली म्हणून कुणी तुमचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. मला त्याचा राग येतो, आणि तो राग मला जपून ठेवायचाय.

आपली,
पुतणीसारखी

बर्मिंगहॅम, 6 डिसेंबर

ती. आज्जीस शि. सा. न.

हे आईकडून वाचून घे. आता आम्हाला रुग्णालयात पाठवतात. सकाळी अंधारात निघायचं आणि अंधारातच परतायचं. इथली म्हातारी माणसं मला बॅब म्हणतात, म्हणजे आपलं बाळ.

परवा तुझ्याच वयाच्या एक पंजाबी आज्जी नातीबरोबर आल्या. छातीचा फोटो होता. नाव, जन्मतारीख, पत्ता विचारल्याशिवाय इथे कुणालाही हात लावत नाहीत. त्या आज्जींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून फोनवर दुभाषी घेतला. नातीकडून किंवा माझ्याकडून ते काम करून घेत नाहीत. तब्येतीची गोष्ट आहे, घरच्यांसमोर माणूस सगळं सांगत नाही. दुभाष्याचं झाल्यावर मला शिकवणाऱ्या मॅडमनी मला पुढे केलं. आज्जींची वेणी लांब, पांढरीशुभ्र, खांद्यावरून पुढे आलेली. वेणी तशीच राहिली तर फुप्फुसाच्या टोकावर डाग असल्यासारखी सावली पडते. मी हिंदीत विचारलं, आज्जी, वर बांधू का? त्यांनी मान हलवली. मी वेणी वर घेऊन चिमट्याने अडकवली, गळ्यातली साखळी काढून नातीकडे दिली. त्या थरथरत होत्या, थंडीने की भीतीने कोण जाणे. त्यांची हनुवटी टेकवली, कोपर पुढे केले, आत जाऊन काचेमागून म्हटलं, साँस भरिए, रोकिए. त्यांनी इतका मोठा श्वास घेतला!

चित्र आल्यावर मॅडमनी मलाच तपासायला लावलं. दोन्ही फुप्फुसांची टोकं आलीत का, खालचे कोपरे आलेत का, गळ्याखालची दोन्ही हाडं कण्यापासून सारख्या अंतरावर आहेत का. होती! बाहेर येताच आज्जींनी माझा हात धरून विचारलं, क्या निकला? तिथे उत्तर देता येत नाही. अहवाल तज्ज्ञ देतात, पूर्ण पाहून. पण म्हणजे रेडिओग्राफर गप्प बसतो असं नाही. हाड मोडलेलं किंवा तातडीचं काही दिसलं तर तो तिथेच डॉक्टरांसाठी खूण करतो. पूर्वी फिल्मवर लाल ठिपका चिकटवत, आता संगणकावर लिहितात. रात्री दोन वाजता थकलेल्या डॉक्टरच्या नजरेतून सुटलेलं त्या ठिपक्यामुळे सापडतं. मी आज्जींना एवढंच सांगितलं की फोटो छान आलाय, परत काढावा लागणार नाही, आणि अहवाल तुमच्या डॉक्टरांकडून कळेल. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आता तुझ्या गुडघ्याचं. गेल्या वेळचा फोटो तुला झोपवून काढला होता, असं आईने सांगितलं. गुडघ्याची झीज बघायची असेल तर फोटो उभं राहून काढलेला बरा. अंगाचा भार पडला की दोन हाडांमधली जागा खरोखर किती उरलीय ते दिसतं, झोपल्यावर ती जास्त वाटते. डॉक्टरांना तसं विचारायला सांग. उभं राहताना धरायला काहीतरी माग. जुनी फिल्म बरोबर न्या, म्हणजे तुलना करता येईल. आणि काढायला काका असले तर त्यांना सांग, दोन्ही गुडघे एकाच फोटोत घ्या.

तुझी,
नात