सरस

एप्रिलमधल्या एका रात्री बाहेरच्या खोलीत तंबोरा वाजला. चारही तारा एकदम झणाणल्या आणि पाठोपाठ एक बसका, पोकळ आवाज झाला. सकाळी गवसणी काढून पाहिलं, तर आत्याच्या तंबोऱ्याचा भोपळा गळ्याच्या जोडापाशी उघडला होता. तबली एका अंगाने उचललेली, तारा ढिल्या पडलेल्या, आणि भोपळा नि लाकूड यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट.

फटीत टॉर्च मारला. दोन्ही कडा स्वच्छ होत्या. लाकडाचा एक धागा उपटलेला नव्हता, भोपळ्याची कपची उडालेली नव्हती. कडांवर तांबूस, काचेसारखा तकतकीत थर तेवढा दिसत होता. बोट जिभेला लावून त्या थरावर टेकवलं आणि मिनिटभर तसंच धरलं. थर चिकट झाला. बोट सोडवताना त्याने किंचित ओढ दिली. ज्या हातांनी हा जोड केला, ते हात जाऊन कितीतरी वर्षं झाली असतील, आणि त्यांनी लावलेला सरस माझ्या थुंकीला अजून ओळख देत होता.

सरस हा शब्द मला लहानपणापासून आवडतो. फारसी ‘सिरीश’वरून तो आपल्याकडे आला. संस्कृतातल्या रसाळ ‘सरस’शी त्याचं रक्ताचं नातं नाही, पण मराठीने दोघांना एका नावाने हाक मारली आणि दोघेही ओ देतात. जनावरांची कातडी, हाडं उकळून काढलेला हा पदार्थ. ज्या प्रथिनाने जिवंतपणी कातडं एकसंध राहतं, तेच पाण्यात उतरवायचं, वाळवायचं आणि त्याच्याकडून लाकूड धरून घ्यायचं. इजिप्तमध्ये रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात भिंतीवर काम करणारे सुतार रंगवले आहेत. त्यांच्याजवळ विस्तवावर सरसाचं भांडं आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं ते चित्र पाहिल्यावर मला आधी त्या भांड्याचा वास आठवला, आणि वासाबरोबर मिरज.

कारण हा तंबोरा आधीही एकदा असाच उघडला होता. मी तेव्हा दहा वर्षांची. आत्या साताऱ्याला गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. ओळखीच्या सुताराने ‘इथंच चिकटवून देतो, तासाभराचं काम’ म्हटलं, पण आत्याने ऐकलं नाही. तिने तंबोरा गोधडीत गुंडाळला, गोधडीवरून तिची एक जुनी साडी बांधली आणि मला बरोबर घेऊन पॅसेंजर धरली. खिडकीची जागा तंबोऱ्याला. मी शेजारी, त्याला हाताने धरून. आत्या साताऱ्यापासून बराच वेळ उभीच होती. एका म्हाताऱ्या बाईने त्या गाठोड्याकडे पाहून काळजीने विचारलं, “पेशंट हाय का?” मिरज दवाखान्यांचं गाव, त्या गाडीत निम्मी माणसं दवाखान्यालाच निघालेली असायची. आत्या म्हणाली, “होय हो, मिरजेलाच नेतोय.” आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.

सतारमेकर गल्लीत दुकानांच्या आढ्याला भोपळे टांगलेले होते. एवढे मोठे भोपळे मी पहिल्यांदाच पाहत होते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठाने ते येतात, वेलावर भरपूर मोठे होऊ देऊन मग वाळवलेले. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घरांमधल्या हातांनी एकोणिसाव्या शतकात हे काम उचललं आणि मिरजेचं नाव गाण्याच्या घराघरांत गेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला त्या आढ्याचीच आठवण झाली.

त्यातल्या एका दुकानात तिथले कारागीर, चाचा, जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी गोधडी सोडली, भोपळ्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली, कान लावला, फटीत डोकावले.

“सुटलाय नुसता, ताई. तुटला न्हाई.”

आत्याने तिथेच भिंतीला पाठ टेकली. चाचा पुढे म्हणाले, “ज्यानं जोडला त्यानं शहाणपणानं जोडलाय.”

मग त्यांनी जे केलं ते पाहून मला रडू फुटायचं बाकी राहिलं. जोड निम्मा उघडला होता, तो त्यांनी पुरता उघडायला घेतला. फडकं गरम पाण्यात बुडवून पिळायचं, जोडावर ठेवायचं, थांबायचं, पुन्हा बुडवायचं. मधूनच पातळ, बोथट पात्याची सुरी फटीत घालून जराशी फिरवायची. जोर कुठेच नव्हता. तासाभराने गळा भोपळ्यापासून असा निघाला, जसं झोपलेलं मूल एका कुशीतून दुसऱ्या कुशीत घ्यावं. आतून जुना सरस त्यांनी कोमट पाण्याने पुसून काढला. त्याखाली लाकूड आणि भोपळा, दोन्ही नवे असल्यासारखे.

नवा सरस त्यांनी आदल्या रात्री भिजत घातला होता. साबुदाण्यासारखा फुगून तो वाटीत थरथरत होता. एका भांड्यात पाणी, त्या पाण्यात दुसरं भांडं, आणि खाली शेगडीत मोजके निखारे. पाण्याला उकळी येऊ द्यायची नाही, हाताला सोसवेल-न सोसवेल एवढाच सरस ऊन ठेवायचा. “उकळला की मेला,” ते म्हणाले. शास्त्रही हेच सांगतं. साठ अंशांच्या फार वर गेला की सरसाच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्याचा जोर जातो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब घेऊन ते बोटं मिटत-उघडत होते. बारीक तार सुटायला लागली तेव्हा मान हलवली. वास मात्र भयंकर होता. पावसात भिजलेल्या कोल्हापुरी चपला चुलीजवळ वाळवल्यावर येतो, तसा. मी फ्रॉक नाकाला लावला.

पुढचा भाग फार घाईचा. ऊन सरस थंड लाकडावर पडला की मिनिटभरात थिजतो, म्हणून आधी गळ्याची आणि भोपळ्याची कड निखाऱ्यांवरून फिरवून ऊबदार करून घेतली. शेजारच्या दुकानातून दोघे जण न बोलावता आले. कुंचला फिरला, गळा बसला, चार हातांनी दाबला, ओल्या सुतळीचे वेढे पडले, सुतळीखाली बांबूच्या पाचरी ठोकल्या. तेवढ्या वेळात दुकानात कोणीही एक शब्द बोललं नाही. वाळताना सरस आवळत जातो आणि दोन्ही अंगांना एकमेकांकडे ओढून घेतो. रात्रभर तो हे काम एकटाच करतो.

“तीन दिवस तारा चढवायच्या न्हाईत.”

तीन दिवस आम्ही मिरजेत राहिलो. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते १९३७ साली गेले. आत्या रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायची. काही गुणगुणायची नाही, डोळेही मिटायची नाही, नुसती बसायची. मी फरशीवरच्या मुंग्या पाहत असे. चौथ्या दिवशी चाचांनी तारा चढवल्या, घोडीवर तारांखाली जवारीचे दोरे सरकवले आणि खर्ज छेडला. आत्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

सुतारांच्या हातातून सरसाचं भांडं सुटलं ते फेविकॉलमुळे. ते आणणारे बळवंतराय पारेख मूळ गुजरातेतल्या महुव्याचे. मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत त्यांनी शिपाई म्हणून काम केलं होतं. सुताराचे हाल त्यांना कागदावरून समजावून घ्यावे लागले नसतील. १९५९ मध्ये पांढरा, वास न मारणारा, शेगडी न मागणारा गोंद बाजारात आला. मुळात हे रसायन १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी शोधलेलं. दुधासारख्या पाण्यात त्याचे बारीक थेंब तरंगत असतात. पाणी लाकडाच्या रंध्रांत शिरतं, थेंब एकमेकांत मिसळतात आणि पारदर्शक पापुद्रा उरतो. भर पावसाळ्यात सरसाशी झगडणाऱ्या सुताराला हे वरदानच होतं, आणि मी त्याला कधीही नावं ठेवणार नाही. माझ्या घरातलं प्रत्येक कपाट त्याच्यावर उभं आहे. प्लायवुडचे गोंद तर त्याहून कणखर. पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. जोड ताणून तोडायचा, आणि गोंदाऐवजी लाकूडच फाटलं तर गोंद पास, अशीही एक परीक्षा असते.

कपाटासाठी ही परीक्षा रास्त आहे. तंबोऱ्यासाठी ती जीवघेणी. चार तारा दिवसरात्र घोडीवर दाबत असतात, गळ्याला ओढत असतात. पांढऱ्या गोंदाचा पापुद्रा अशा अखंड ओढीखाली हलकेच, वर्षानुवर्षं सरकत राहतो, आणि त्याच्या जुन्या थरावर नवा गोंद नीट धरत नाही. दोन ट्यूबांचा तो दगडासारखा गोंद सरकत नाही, पण ताण आला की मग लाकडालाच तुटावं लागतं. आजोबांच्या शिसवी खुर्चीचा पाय एका दुकानाने असा जोडून दिला होता. पुढच्या वेळी जोड शाबूत राहिला आणि त्याच्या शेजारून पाय उभा चिरला. त्या खुर्चीला आता औषध नाही. वाद्यात लाकडाच्या आधी हार मानणारं कोणीतरी लागतं.

कधीच न सुटणाऱ्या गोंदाची हाव मात्र जुनीच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाच्या, म्हणजे वज्रासारख्या घट्ट लेपाच्या, कृती आहेत. सहाव्या शतकातला ग्रंथ. वाचताना मला एखाद्या खेड्यातलं परसच समोर दिसलं. कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं हे सगळं पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा, मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल. हा लेप कढत लावला की कोटी वर्षं टिकतो, अशी ग्वाही आहे. त्याच अध्यायात आणखी एक कृती आहे, तिच्यात गाय, म्हैस, बकरी यांची शिंगं, गाढवाचे केस, म्हशीचं कातडं. म्हणजे सरसच. देवळाला, मूर्तीला कोटी वर्षांची इच्छा धरणं मी समजू शकते. आत्याला मात्र तंबोरा पुढच्या मैफलीपर्यंत सुरात हवा असे.

आणि काही ठिकाणी माणसांनी गोंदावर भिस्तच ठेवली नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून नौदलासाठी गोव्यात ‘कौंडिण्य’ बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या सोबतच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, सांधे नारळाच्या तंतूंनी आणि राळेने बुजवले. २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात दाखल झालं. लाटेखाली शिवलेली फळी थोडी हलते, आणि हलू शकते म्हणून फुटत नाही. त्या जहाजाची टाके घातलेली कूस मी फोटोत खूप वेळ पाहिली आहे. रात्री उशिरा, पुन्हा पुन्हा.

तुमच्याही घरात माळ्यावर एखादी सतार, एखादा तंबोरा असेल. उन्हाळ्यात त्याचा जोड उघडला, तर कपाटातली ट्यूब काढू नका. शेजारचा कुणी तासाभराचं काम म्हणाला तरी देऊ नका. तारा उतरवा. कपच्या निघाल्या असतील तर डबीत जपून ठेवा. गोधडीत गुंडाळा आणि मिरजेची गाडी धरा.

मी गुरुवारी निघतेय. दोन तिकिटं काढली आहेत.